बोटांत जोर नाही, मनगटात आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ४१ वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, सध्या रजेवर. दीड वर्षापूर्वी मुंबई-आग्रा हायवेवर स्कूटरचा अपघात झाला, मानेच्या मणक्याला मार लागला. रिपोर्टवर सी-६, म्हणजे मानेची सहावी पातळी, असं लिहिलंय. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, पण बोटं मिटत नाहीत. पायांत ताकद नाही आणि मांड्या एकमेकींना घट्ट चिकटतात. लघवी आपोआप होत नाही, म्हणून दिवसातून पाच वेळा नळी घालून काढावी लागते. हे सगळं माझी मुलगी करते. ती बारावीला आहे. दुपारच्या नळीसाठी कॉलेज अर्धवट सोडून घरी येते. सासूबाई म्हणतात, कायमची नळी बसवून टाका, पोरीची सुटका होईल. मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टला असतात, त्यांना हे काम सांगायची मला लाज वाटते. बायकांना स्वतःची नळी स्वतः घालता यावी म्हणून काही साधनं मिळतात असं ऐकलं. ती माझ्या उपयोगाची आहेत का? आणि मला शाळेत परत जाता येईल का?

प्रिय ताई,

साधनं वापरून स्वतः नळी घालायला शिकणं हे काही महिन्यांचं काम आहे. मुलीचं कॉलेज बुडतंय ते मात्र याच आठवड्यात थांबवता येईल, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

तुमच्या मिस्टरांना हे काम शिकवा. तुम्हाला लाज वाटते हे मला समजतं, आणि ती एका वाक्याने जाणार नाही हेही ठाऊक आहे. पण आज तीच लाज तुम्ही मुलीसमोर रोज पाच वेळा गिळताय, आणि तीही काही न बोलता गिळतेय. नवऱ्यासमोर ती निम्मी तरी होईल. यात डॉक्टरकीचं काही नाही. १९७२ साली मिशिगन विद्यापीठातले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं, की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. साबणाने नीट धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि वेळच्या वेळी मूत्राशय रिकामं करणं एवढं पुरतं. मूत्राशय तासन् तास तट्ट फुगलेलं राहिलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना तिथे घर करायला सोपं जातं. म्हणजे वेळ पाळणं हाच मुख्य भाग, आणि वेळ पाळायला घरातलं कोणीही मोठं माणूस शिकू शकतं. दुसऱ्याने नळी घालताना हातमोजे घालावेत, एवढंच. यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी मिस्टरांना बरोबर घेऊन जा आणि तिथल्या सिस्टरना त्यांच्यासमोर करून दाखवायला सांगा. दोन-तीन वेळा त्यांच्याकडून करून घेतलं की त्यांचा हात बसेल. त्यांची पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात दुपारसाठी नर्सिंग ब्यूरोची बाई तासभर लावा. हा खर्च मुलीच्या शिक्षणाचाच आहे असं धरा.

दुसरं, तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता किती पाणी, चहा, ताक घेतलं आणि नळीने किती लघवी निघाली, ते मिलिलिटरमध्ये लिहा. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर जायला नको. सकाळचं पाणी आणि चहा थोडा पुढे-मागे केला तर दुपारची वेळ बहुतेक वेळा तास-दीड तास सरकवता येते. पाणी एकूण कमी मात्र करू नका. नळी टाळण्यासाठी दिवसभर तहानलेल्या राहणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. त्यातून दाट लघवी, इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठता एवढंच हाती लागतं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या वाईट हेतूने बोलत नाहीत, नातीकडे बघून बोलतात. पण कायमची नळी, म्हणजे फोलीज, वर्षानुवर्षं ठेवली तर इन्फेक्शन आणि मूत्राशयातले खडे यांचा त्रास होतो. बायकांच्या बाबतीत आणखी एक होतं, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपला मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. फुगा असलेली नळी सतत ओढली गेली की तो हळूहळू रुंद होतो, नळीच्या बाजूने लघवी गळायला लागते, मग आणखी जाड नळी घालतात आणि गळणं आणखी वाढतं. ते पुन्हा नीट करणं फार अवघड. कायमची नळी ठेवायचीच वेळ आली तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात घातलेली नळी बरी, तिला सुप्राप्युबिक म्हणतात. सासूबाईंना हे सगळं तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

आता तुमचा मूळ प्रश्न.

तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. सी-६ च्या इजेत पुरुषाला स्वतः नळी घालणं बरंच लवकर जमतं, बाईला अवघड जातं. आपली जागा दिसत नाही, तिथपर्यंत हात पोचवायला पाय फाकवावे लागतात, आणि एका हाताने कडा बाजूला धरून दुसऱ्या हाताने नळी घालावी लागते. बोटं चालणाऱ्या बाईलाही पहिल्या आठवड्यात रडू येतं. तरीही तुमच्यासारखी इजा असलेल्या काही बायका, अंथरुणात अर्धवट बसून, साधनांच्या मदतीने हे स्वतः करतात. प्रयत्न करण्यासारखा नक्की आहे. तो नाही जमला तरी पुढे रस्ता आहे, त्याबद्दल खाली लिहिते.

सुरुवात तुमच्या हातापासून करू. पत्रात तुम्ही लिहिलंय की मनगट वर उचलता येतं. ही फार मोठी गोष्ट आहे. आत्ता करून बघा: कोपर उशीवर टेकवा, हात सैल सोडा, मनगट खाली लोंबू द्या. बोटं आपोआप उघडतील. आता मनगट वर उचला. बोटं आत वळतील आणि अंगठा पहिल्या बोटाच्या बाजूला येऊन टेकेल. बोटांच्या स्नायूंनी काही केलेलं नाही, नुसते स्नायुबंध ताणले गेले आणि त्यांनी बोटं ओढून घेतली. थेरपिस्ट याला टेनोडेसिस म्हणतात. या पकडीत पेन राहतो, चमचा राहतो, तशी नळीही राहते. म्हणून घरात सगळ्यांना बजावून सांगा: मालिश करताना किंवा व्यायाम देताना मनगट मागे वळवलेलं असताना बोटं सरळ ताणायची नाहीत. प्रेमापोटी कोणीतरी रोज बोटं ‘मोकळी’ करून देतं आणि वर्षभरात ही पकड सैल पडून जाते. मनगट वर असेल तेव्हा बोटं मिटलेली, मनगट खाली असेल तेव्हा बोटं उघडलेली, असाच व्यायाम घ्यायचा.

ही पकड एकटी पुरत नाही, कारण नळी बारीक आणि जेली लावल्यावर निसरडी. म्हणून नळी धरायचा दांडा मिळतो. एका टोकाला चिमट्यासारखी खाच, त्यात नळी बसते, आणि दांडा जाड असल्याने तळहातात राहतो. काही दांडे तळहाताभोवती पट्ट्याने बांधता येतात, मग पकडीची गरजच राहत नाही. तुम्ही जेवायला चमच्याचा पट्टा वापरत असाल तर तीच कल्पना. परदेशी बनावटीचे असे दांडे ऑनलाइन मागवता येतात, पण महाग पडतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे, गरम पाण्यात मऊ होणारं स्प्लिंटचं प्लास्टिक असतं, त्यातून ते तुमच्या तळहाताच्या मापाचा दांडा बनवून देऊ शकतात. बाजारातल्या तयार दांड्यापेक्षा तो बरेचदा चांगला बसतो, कारण तुमचा अंगठा नेमका कुठे येतो ते बघून तो वळवलेला असतो.

पण ताई, दांड्याने सुरुवात करू नका. नळी हातात धरता आली तरी पाय मिटलेले असतील, सलवार मध्ये येत असेल आणि जागा दिसत नसेल तर दांडा कपाटात पडून राहतो. आधी बसणं, मग कपडे, मग दिसणं, आणि शेवटी पकड, या क्रमाने जा. पैसेही वाचतील.

बसण्यासाठी तुम्हाला सध्या पलंगच बरा. पाठीमागे उशांचा उतार किंवा डोक्याकडून उचलता येणारा पलंग, पाठ साधारण ४५ ते ६० अंशांत. त्याहून कमी असेल तर जागा दिसत नाही, जास्त असेल तर तोल जातो. गुडघे वाकवून, तळवे एकमेकांजवळ आणून, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला सोडायचे आणि त्यांच्याखाली एकेक उशी. मांड्या घट्ट मिटतात असं तुम्ही लिहिलंय, त्यासाठी दोन गुडघ्यांच्या मध्ये बसणारा आडवा दांडा मिळतो, दोन्ही टोकांना गादीचे कप आणि बऱ्याचदा मधोमध आरसा जोडलेला. हा मात्र घरी करून घेता येतो. रेक्झिनच्या दुकानातून कडक फोमचा ठोकळा कापून घ्या, दोन्ही बाजूंना मांडी बसेल अशी खोलगट जागा, वरून धुता येईल असं कव्हर. दोन सूचना: कुठेही कडक कड नको, आणि काम झालं की तो लगेच काढायचा. तुम्हाला मांडीची आतली बाजू नीट जाणवत नसेल तर तिथे दाब पडलेला कळणारही नाही. रोज रात्री ती त्वचा कोणाला तरी बघायला सांगा. लाली अर्ध्या तासानंतरही उतरत नसेल तर ठोकळा मोठा किंवा कडक झाला असं समजा. आणि निफाडचा पारा खाली जातो त्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आखडणं वाढलं तर घाबरू नका. थंडीत बऱ्याच जणांना तसं होतं. नळीआधी अंगावर उबदार शाल घेऊन दहा मिनिटं पाय हळूहळू हलवून घ्या. गरम पाण्याची पिशवी नको, जाणीव नसलेल्या कातडीला पटकन भाजतं. पाय एकदम झटकले तर ढकलाढकल न करता थांबायचं, श्वास सोडायचा, झटका ओसरला की पुढे.

कपड्यांचा प्रश्न शिंपी सोडवतो, डॉक्टर नाही. सलवारीची पुढची शिवण बेंबीखालपासून मागच्या बाजूपर्यंत उघडायची आणि तिथे मॅजिक टेप किंवा लांब चेन लावायची. चेनच्या टोकाला किल्लीची मोठी रिंग, म्हणजे अंगठा अडकवून ओढता येते. निकर दोन्ही बाजूंनी उघडणारी करून घ्या, कडेला अंगठा जाईल असे शिवलेले फासे. घरात मागून गुंडाळायचा स्कर्ट किंवा पुढून उघडणारा गाऊन सगळ्यात सोपा. गाऊनची कड खाली घसरते म्हणून एक नाडी गळ्यात घालायची, तिच्या दोन्ही टोकांना कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि कड वर घेऊन त्यांत अडकवायची. चिमटा दाबायला बोटं लागतात, म्हणून चिमट्याऐवजी मॅजिक टेपचे तुकडे लावा. वेळ जातो तो बहुतेक इथेच, नळी घालण्यात नाही. मापाचे दोन सलवार कमीज शिवून झाले की बाकीचं किती हलकं होतं ते तुम्हीच बघाल.

आता दिसण्याबद्दल. आरसा पायांमध्ये, थोडा मागे कललेला, एका बाजूने मोठं दाखवणारा असावा. दाढीचा स्टँडचा आरसा चालतो, पण तो पलंगावर डुगडुगतो. मोबाईल धरायचा वाकणाऱ्या मानेचा स्टँड मिळतो, त्याला आरसा जोडला तर हवा तसा वळवून ठेवता येतो. उजेडासाठी रात्रीच्या लाइटला शेतात पाणी भरायला जाणारे शेतकरी डोक्याला बांधतात तो एलईडी टॉर्च घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात आणि तुम्ही जिकडे बघाल तिकडे उजेड पडतो. आरशात वर-खाली उलटं वाटतं, म्हणून पहिले काही दिवस नळी न घालता नुसतं दांड्याचं टोक योग्य जागेवर नेऊन टेकवायचा सराव करा. एक विनंती अगदी कळकळीची: मोबाईलचा कॅमेरा आरसा म्हणून वापरू नका. फोटो चुकून निघतो, निघालेला फोटो आपोआप दुसरीकडे साठवला जातो, आणि तो कोणाच्या हाती लागेल ते आपल्या हातात राहत नाही.

जागा ओळखायची खूण: सगळ्यात वर दाण्याएवढा उंचवटा, त्याच्या खाली बारीक छिद्र, आणि त्याच्याही खाली योनीचं तोंड. नळी चुकून योनीत गेली तर घाबरून उपसू नका. ती तिथेच राहू द्या आणि दुसरी स्वच्छ नळी तिच्या वर घाला. मग चुकण्याचा प्रश्नच राहत नाही. लघवी सुरू झाली की नळी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत, आणि काढताना हळूहळू. मध्येच पुन्हा धार आली तर थांबायचं. जोर कधीही लावायचा नाही.

कडा बाजूला धरण्यासाठीही एक साधन निघालंय: प्लास्टिकचं किंवा सिलिकॉनचं छोटंसं, दोन्ही बाजूंच्या कडा उघड्या धरणारं, मध्ये नळी जाण्यासाठी छिद्र असलेलं. काहींना एकाखाली एक तीन छिद्रं असतात, म्हणजे तुमच्या शरीराला जे जुळेल ते वापरायचं. तुमच्यासाठी हे मोलाचं आहे, कारण त्याने दुसरा हात मोकळा होतो. आपल्या दुकानांत ते सहसा मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं. घरी बनवायचा प्रयत्न मात्र करू नका. बाकी सगळ्या गोष्टींत जुगाड चालेल, या एका गोष्टीत नाही, कारण ती कातडी नाजूक असते आणि कापलेल्या प्लास्टिकची कड तुम्हाला टोचलेली कळणार नाही.

नळीची निवडही तुमच्या बाजूने करा. दुकानदार ‘लेडीज’ म्हणून आखूड नळी देतो. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा जाडीचा १२ किंवा १४ नंबर लागतो, १२ चं टोक पांढरं असतं आणि १४ चं हिरवं. पण लांबी तुम्ही पुरुषांची, साधारण ४० सेंटिमीटरची घ्या. आखूड नळीचं दुसरं टोक मांडीजवळच राहतं आणि अंथरूण भिजतं. लांब नळीचं टोक सरळ भांड्यात किंवा युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवी साठवायच्या पिशवीत, सोडता येतं. युरोबॅग जोडली तर आणखी बरं: मोजमाप त्यावरच असतं, वहीत लिहायला सोपं जातं. बॅगचा कॉक फिरवायचा नसून तळहाताने ढकलायचा असेल अशी बघून घ्या. आधीच गुळगुळीत केलेल्या, पाण्यात भिजवून वापरायच्या नळ्या अंगाला सोसतात, पण हातातून सटकतात. त्या घेतल्यात तर बाहेरचं पातळ आवरण असलेल्या घ्या, म्हणजे आवरणावरून धरता येतील. जेली पाण्यात धुऊन निघणारी हवी. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको. ट्यूबचं झाकण दातांनी उघडू नका. उघड्या ट्यूबमधली जेली स्वच्छ गॉजवर तळहाताने दाबून काढा आणि नळीचं टोक त्यात फिरवा. पाकिटावर नळी एकदाच वापरायची असं छापलेलं असतं. परवडत नाही म्हणून आपल्याकडे बरेच जण धुऊन वापरतात. तसं करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून करा. वापरल्याबरोबर साबणाने धुवून, आतून पाणी सोडून, लटकवून पूर्ण वाळवा आणि कोरड्या डब्यात ठेवा. नळी खरखरीत, कडक किंवा धुरकट झाली की टाकून द्या.

आता एक गोष्ट जी या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या इजेत मूत्राशय भरून राहिलं, नळी पिळली गेली, किंवा पोट साफ झालं नाही, तर रक्तदाब एकदम वर जाऊ शकतो. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, कपाळावर आणि मानेवर घाम फुटतो, अंगावर काटा येतो, नाक चोंदतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि तुमची इजा त्यात बसते. असं झालं तर आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे आणि ताबडतोब मूत्राशय रिकामं करायचं. नळी आधीच असेल तर ती कुठे दुमडली आहे का बघायचं. तेवढ्याने उतरलं नाही तर लगेच हॉस्पिटल. सगळ्या डॉक्टरांना हे रोज बघायला मिळत नाही, म्हणून हे नाव आणि ‘सी-६’ एका कार्डावर लिहून व्हीलचेअरला लावून ठेवा. मिस्टर, सासूबाई, ब्यूरोची बाई, सगळ्यांना हे पाठ हवं.

नळीच्या लघवीत जंतू दिसले म्हणजे लगेच औषध लागतं असं नाही. नळी वापरणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये ते बहुतेक वेळा दिसतातच. ताप, थंडी वाजून येणं, आखडणं अचानक वाढणं, दोन नळ्यांच्या मध्ये गळणं अशी लक्षणं असतील तर मात्र थांबू नका. आणि नुसतं गळणंच होत असेल तर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आणि बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, ती यूरॉलॉजिस्टना विचारा.

हे सगळं जुळवून द्यायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतील. नाशिकमध्ये तुमच्या फिजिओथेरपिस्टकडे चौकशी करा, त्यांना ठाऊक असतं. एकदा मुंबईला जाण्याची तयारी असेल तर हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा एवं पुनर्वास संस्थान, बघून या. जाताना तुमचे रोजचे कपडे, रोजची नळी आणि तीन दिवसांची वही बरोबर न्या, आणि ‘मला हे काम पलंगावर स्वतः करायचंय’ असं सरळ सांगा. नुसतं ‘हात सुधारायचेत’ म्हटलं तर नुसते हातांचे व्यायाम मिळतील. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर ऑनलाइन अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डासमोर तपासणी करून घ्या. पुढच्या प्रत्येक कामाला ते लागतं.

तीन-चार महिने प्रयत्न करा, पण ‘सगळं स्वतः’ असं एकदम धरू नका. कपडे तुम्ही उघडा, ठोकळा दुसऱ्याने ठेवू दे. पुढे आरसा तुम्ही लावा. ज्या दिवशी नळी तुम्ही घालाल आणि पिशवी दुसरं कोणी उचलेल, तो दिवसही पुष्कळ आहे. एवढं करूनही नाही जमलं तर मित्रोफानॉफ नावाचं ऑपरेशन आहे. फ्रेंच सर्जन पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये ते मांडलं. अपेंडिक्सची नळी करून तिचं एक टोक मूत्राशयाला जोडतात आणि दुसरं बेंबीत किंवा ओटीपोटावर उघडतात. मग खुर्चीत बसल्या बसल्या, कुर्ता वर करून, समोर दिसणाऱ्या छिद्रातून नळी घालता येते. पाय फाकवायला नकोत, आरसा नको. तुमच्या मनगटाच्या पकडीला आणि त्या दांड्याला हे नेमकं जुळतं. ऑपरेशन मोठं आहे, छिद्र आकुंचन पावण्याचा आणि पुन्हा दुरुस्ती लागण्याचा त्रास काहींना होतो, आणि अपेंडिक्स आधी काढलेलं असेल तर आतड्याचा तुकडा वापरावा लागतो. अशी ऑपरेशनं करणाऱ्या यूरॉलॉजिस्टकडेच जा. पण माझं मत विचाराल तर पन्नाशी गाठेपर्यंत झगडत बसण्यापेक्षा वर्षभरात हा विचार गंभीरपणे करावा.

शाळेबद्दल. आधी मुख्याध्यापकांना लेखी कळवा की तुम्हाला परत रुजू व्हायचंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० आहे. सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच पगारावर आणि त्याच सेवाशर्तींवर दुसरं काम द्यावं लागतं. तुमची शाळा अनुदानित आहे, म्हणून हे कलम तुम्हाला कसं लागू होतं ते शिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी विचारून ठेवा. राजीनाम्याच्या कागदावर कोणी प्रेमाने सही मागितली तरी करू नका.

शाळेतलं टॉयलेट व्हीलचेअरला लहान पडेल, पायऱ्या असतील, ते बहुतेक शाळांत असतंच. पण तुम्हाला टॉयलेट लागतच नाही. लांब नळी आणि युरोबॅग असेल तर लागते ती एक बंद होणारी खोली. प्रयोगशाळेशेजारची सामानाची खोली, आजारी मुलांना झोपवायची खोली, कुठलीही चालेल. तिथे हात धुवायला पाणी किंवा सॅनिटायझर, मागे कलणारी खुर्ची किंवा एक पलंग, आणि कडी बाहेरून नव्हे तर आतून, खुर्चीवर बसून मनगटाने ढकलता येईल अशा उंचीवर. पिशवी रिकामी करायला शाळेच्या मावशींना सांगता येईल. सुरुवातीला नळी घालायला ब्यूरोची बाई दुपारी एकदा शाळेत येऊन जाईल. अर्जातच या खोलीची मागणी लिहा, दाराची रुंदी मोजून लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर घ्यायला विसरू नका.